खाडीत पडलेली जुनी होडी घ्यायची असेल तर

पावसाळा सरला की कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या काठाने चालत जा. कांदळवनाच्या कडेला, चिखलात एका कुशीवर कललेली एखादी होडी दिसतेच. अंगावर नारळाच्या झावळ्यांची कुजलेली झापं, पोटात पावसाचं पाणी, नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, नंबर अर्धा पुसलेला. बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं की ही स्वस्तात मिळेल, थोडा हात फिरवला की पाण्यात उतरेल.

विजयदुर्गच्या खाडीत मी अशीच एक फायबरची होडी घेतली. चोवीस फुटी, मागच्या फळीला बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं आणि त्यानंतर ती तशीच पडून होती. घेताना मला जे माहीत नव्हतं ते सगळं इथे क्रमाने लिहितो. तुमचे पैसे वाचले तर उत्तमच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा जीव धोक्यात पडू नये.

१. होडी का पडली, ते आधी शोधा

व्यवहाराचं बोलायच्या आधी मी शेजारच्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडे, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याकडे, गेलो होतो. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. होडीची लांबी नाही, किंमत नाही, त्यांनी काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "होडी पडली कित्याक, तां आधी इचार. मग होडी बघ."

चालती होडी कोणी उगाच टाकून देत नाही. ती पडते तेव्हा त्यामागे काहीतरी असतं आणि होडीच्या किमतीबरोबर ते कारणही तुमच्या गळ्यात येतं. आमच्या भागात मी पाहिलेली कारणं अशी: वादळात दगडावर आपटून तळ गेला. इंजिन बसलं आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. मालक वारला, मुलगे मुंबईला, आणि हिस्सा कोणाचा ते ठरलेलं नाही. खलाशी मिळेनात. संस्थेचं किंवा बँकेचं कर्ज थकलं. मासळी कमी झाली आणि डिझेलचा खर्चही निघेना.

यातली पहिली दोन कारणं हातांनी आणि पैशांनी सुटतात. वारसांचा वाद आणि थकलेलं कर्ज मात्र फायबर सांधायचं रेझिन लावून बुजत नाही. म्हणून मालकाला विचाराच, पण त्याच्या शेजाऱ्यालाही विचारा, जेट्टीवरच्या चहाच्या टपरीवर विचारा आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवालाही विचारा. चार ठिकाणी एकच कारण ऐकायला मिळालं तर पुढे जा.

२. होडी कशासाठी हवी, ते एका वाक्यात लिहा

खरोखर कागदावर लिहा. मासेमारी करायची, पर्यटक फिरवायचे की घरच्यांनी खाडीत हिंडायचं, हे तीन वेगळे रस्ते आहेत. कार्यालयं वेगळी, परवाने वेगळे, खर्चही वेगळा. "आधी घेऊ, मग बघू" म्हणणाऱ्यांच्या होड्या मी दोन वर्षांनी पुन्हा चिखलात पाहिल्या आहेत.

पर्यटनाचा विचार असेल तर पडीक होडीपासून सुरुवात करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं बसवायची म्हटलं की होडीची तपासणी, प्रवासी क्षमतेची मर्यादा, चालवणाऱ्याची पात्रता, प्रत्येक माणसामागे लाईफ जॅकेट हे सगळं आलं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि कितीतरी माणसं बुडाली. लाईफ जॅकेट बाकाखाली असणं आणि अंगावर असणं यातला फरक त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळला. दुसऱ्याची लेकरं बसवायची असतील तर हुल, म्हणजे होडीचा सांगाडा, नवा किंवा प्रमाणित असलेलीच होडी घ्या.

३. ठेवणार कुठे आणि बघणार कोण

ही पायरी माझ्याकडून उशिरा झाली, म्हणून तुमच्यासाठी वर घेतली आहे. होडी अंगणात लावता येत नाही आणि पाण्यात नुसती सोडूनही देता येत नाही. तिला रोज कोणीतरी पाहावं लागतं. रात्री जोराचा पाऊस पडला तर सकाळी पाणी उपसावं लागतं. वारा फिरला की दोर तपासावा लागतो. तुम्ही पुण्यात किंवा ठाण्यात राहत असाल आणि महिन्यातून एकदा गावी येत असाल, तर काठावर राहणारा भरवशाचा माणूस आधी ठरवा. त्याला दरमहा पैसे द्या. "येता-जाता बघतो" या शब्दावर विसंबू नका. तो माणूस वाईट नसतो, त्याला त्याची स्वतःची होडी असते.

जागेचंही तसंच. आपल्या घरामागे खाडी आहे म्हणून तिथे धक्का बांधता येईल असं धरू नका, किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम लागतात. आणि होडी लावायला वाट हवी म्हणून कांदळवनाची एक फांदीही तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यातल्या कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आहे, गुन्हा दाखल होतो. शिवाय तेच कांदळवन वादळात तुमच्या होडीला आडोसा देतं.

४. ओहोटीला जा आणि दोनदा जा

होडी भरतीला दाखवली जाते, कारण पाण्यावर तरंगणारी कुठलीही होडी छान दिसते. तुम्ही ओहोटीला जा, तळ उघडा असतो तेव्हा. दुसऱ्यांदा जाताना होडीचा धंदा करणारा, पण या व्यवहारात हिस्सा नसलेला माणूस सोबत न्या. हातात विजेरी, जुना रुपया, लाकडी मुठीचा छोटा हातोडा, टोकदार खिळा आणि फडकं असू द्या.

*फायबरची होडी असेल तर* हातोड्याच्या मुठीने किंवा नाण्याने सगळं अंग वाजवत चला, वीतभर अंतराने. घट्ट फायबर टणटणीत वाजतं. आतले थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. बद्द जागांभोवती खडूने वर्तुळं काढा आणि मग लांब उभे राहून बघा. वर्तुळं एकाच ठिकाणी जमली असतील तर तिथे मार बसला आहे आणि ते दुरुस्त होतं. तळभर विखुरलेली असतील तर होडी सोडून द्या. तळावर फोड दिसले तर एखादा फोडून बघा. आंबट वासाचं पाणी निघालं तर पाणी फायबरच्या आत शिरलं आहे.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे इंजिन लावायची मागची फळी. बाहेरून फायबर, आत बहुतेकदा प्लायवूड. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपत राहतं आणि आतलं प्लाय कुजून भुसा होतं. बाहेरचा रंग मात्र चकचकीत. इंजिनाचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि फळीकडे बघा. फळी जराही लवत असेल तर ती आतून गेलेली आहे. माझ्या होडीची गेली होती. मी हलवून बघितलंच नव्हतं.

*लाकडाची असेल तर* खिळ्याचं टोक दाबत चला. विशेषतः नाळेच्या बुडाशी, फळ्यांच्या सांध्यांत आणि आतल्या कोपऱ्यांत, जिथे पावसाचं पाणी साचतं. खाऱ्या पाण्याने लाकूड टिकतं, गोड्या पाण्याने कुजतं. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, पण पडीक होडीचा खरा शत्रू समुद्र नसून तिच्या पोटातला पाऊस असतो. दुसरा शत्रू लाकूड पोखरणारा जहाजी किडा. दिसायला अळी, पण जातीने शिंपल्याच्या कुळातला. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि आत करंगळीएवढे बोगदे. अशी भोकं दिसली की तिथली फळी मनातल्या मनात बदललेलीच धरा.

वाळून उघडलेल्या फटींना मात्र घाबरू नका. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि पुष्कळशा फटी मिटतात. उरलेल्या फटींत कापसाचा पीळ ठोकून बुजवायचं काम जुने सुतार अजून करतात. साग किंवा आईन घट्ट असेल तर लाकडी होडी फायबरपेक्षा जास्त वेळा परत उभी राहते. फक्त तो सुतार तुमच्या पंचक्रोशीत आहे का, ते आधी पाहा. अशी माणसं आता मोजकीच उरली आहेत आणि एखाद्या होडीचं नशीब त्यांच्या तब्येतीवर अवलंबून असतं.

*इंजिन.* हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर त्याची किंमत शून्य धरून बोला, मालक काहीही सांगो. फिरत असेल तर प्लग काढा, आत गंज आहे का बघा, मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. खालच्या गिअरचं तेल थेंबभर काढा. दुधासारखं पांढरट निघालं तर सील गेलं आहे आणि आत पाणी आहे. पंख्याच्या शाफ्टला दोर किंवा जाळ्याचा धागा गुंडाळलेला असतो, सील त्यानेच जातं. मोठी होडी असेल तर आपल्याकडे ती सिलिंडरवर ओळखली जाते, दोन सिलिंडर, चार सिलिंडर, सहा सिलिंडर. सिलिंडर वाढले की डिझेलपासून खलाशांच्या हिश्शापर्यंत सगळंच वाढतं. पहिली होडी म्हणून सहा सिलिंडरच्या वाट्याला जाऊ नका.

५. कागद

बरेच नवे लोक होडीला सायकलसारखी समजतात. पैसे दिले, ओढून आणली, झालं. तसं नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' नावाची मासेमारी बोट बळकावून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीचा नंबर, मालक आणि त्यावरची माणसं याकडे सागरी पोलीस आणि तटरक्षक दल बारकाईने बघतात. तुमच्या होडीवर दुसऱ्याचा नंबर असेल तर तुमच्या चुकीला तो जबाबदार, आणि त्याच्या जुन्या थकबाकीचा ताप तुम्हाला.

मासेमारीच्या यांत्रिक होडीचा नंबर 'आयएनडी-एमएच' असा सुरू होतो, मध्ये 'एमएम' आणि शेवटी आकडा. या होड्यांची नोंदणी आणि परवाने मत्स्यव्यवसाय विभागाकडे, 'रिअलक्राफ्ट' या ऑनलाइन प्रणालीतून होतात. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळतो. मासेमारी सोडून इतर होड्यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाचं बंदर कार्यालय गाठा. मंडळाचे किनाऱ्यावर वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला असे बंदर समूह आहेत.

विकणाऱ्याकडून मागायचे कागद:

- नोंदणी प्रमाणपत्र, मूळ प्रत. त्यावरचं नाव आणि विकणारा माणूस एकच आहे का ते बघा.
- मासेमारी परवाना असेल तर तो, आणि शेवटचं नूतनीकरण कधी झालं.
- मच्छीमार सहकारी संस्थेचा ना हरकत दाखला आणि थकबाकी नसल्याचं पत्र.
- बँकेचं किंवा संस्थेचं कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला.
- मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती. एकाची नव्हे, सगळ्यांची.
- इंजिनाचं बिल किंवा निदान इंजिन नंबर. तो नंबर इंजिनावरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा.
- विमा असेल तर पॉलिसी.
- स्टँप पेपरवर खरेदी करार, दोन साक्षीदारांसह, नोटरी केलेला.

दोन सापळे सांगतो. एक म्हणजे, "नंबर माझ्याच नावावर राहू दे, तू चालव." हे सोयीचं वाटतं आणि पुष्कळ ठिकाणी चालतं, पण विम्याच्या वेळी, अपघाताच्या वेळी आणि वादळानंतर सरकारी मदत येते तेव्हा तुम्ही कोणीच नसता. दुसरा, मासेमारीचा परवाना होडीसोबत आपोआप मिळतो असं समजणं. आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारा की या होडीचं हस्तांतर तुमच्या नावावर होईल का. पैसे त्यानंतर द्या. पारंपरिक मच्छीमार नसलेल्यांनी तर ही पायरी कधीच चुकवू नये. आणि मासेमारी हा कोणाच्या तरी घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे, आपण हौसेने त्यात शिरतो आहोत, याचं भान ठेवून संस्थेत बोला.

६. भाव करताना वही जवळ ठेवा

माझ्या वहीतले आकडे जसेच्या तसे देतो. होडी आणि इंजिन मिळून ४५,००० रुपये. ओढून काढणं आणि घराजवळ आणणं ६,०००. फायबरचं काम, मागची फळी आणि मजुरी ३८,०००. इंजिन २२,०००. रंग ९,०००. नांगर, दोर, लाईफ जॅकेट आणि बारीकसारीक सामान १७,०००. एकूण १,३७,०००. म्हणजे होडीच्या किमतीवर आणखी दुप्पट गेले, आणि यात माझे पाच महिने धरलेले नाहीत. तुमचे आकडे वेगळे येतील, पण होडीची किंमत हा खर्चातला लहान भाग असतो हे बदलणार नाही.

म्हणून मालकाशी बोलण्याआधी दुरुस्तीची यादी करून प्रत्येकीपुढे आकडा लिहा. बेरजेत तशीच चांगल्या स्थितीतली चालती होडी मिळत असेल तर पडीक होडीला नमस्कार करा. फुकट मिळत असली तरी. फुकटची होडी घेण्यापेक्षा फुकटची म्हैस घ्यावी, असं तात्या म्हणतात. म्हैस निदान आपल्या पायांनी घरी येते.

७. ओढून काढायचा दिवस पंचांगात बघा

चिखलात रुतलेली होडी ज्या भरतीने तिथे जाऊन बसली, तेवढ्याच उंचीच्या भरतीने बाहेर निघते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी तिथवर पोहोचतच नाही. आम्ही सुट्टी बघून सप्तमीला गेलो. आठ माणसं, दोर, ट्रॅक्टर आणि पाणी होडीच्या अर्ध्यावर येऊन परत फिरलं. जोर लावण्याच्या नादात बाजूला एक चीर मात्र पडली. आठवड्याने, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच्या उधाणात, तीच होडी चार माणसांनी हलवली.

भरतीच्या वेळेचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या. दिवसातून दोनदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा, पण दिवस निवडायला हा हिशेब पुरतो. पाणी पूर्ण चढायच्या तासभर आधी सगळी माणसं हजर हवीत.

ओढण्याआधी पोटातलं पाणी उपसा. सात मीटर लांब आणि दीड मीटर रुंद होडीत फूटभर पाणी असेल तर त्याचं वजन दोन टनांच्या वर जातं. खाली नारळाचे ओंडके टाका, दोर एकाच कडीला न बांधता होडीच्या अंगाभोवती फिरवा आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका. तुटलेला दोर चाबकासारखा येतो.

गिर्ये गावात, आमच्या खाडीच्याच काठावर, मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, पाणी उतरलं की कोरड्यावर तळ दुरुस्त करायचा. एकदा जाऊन बघा. खाडीचं पाणी वापरून जड वस्तू कशी हलवायची हे तिथे उभं राहिलं की समजतं.

८. दुरुस्ती याच क्रमाने

*आधी धुणं, मग वाळवणं.* गोड्या पाण्याने सगळं मीठ काढा. मग होडी सावलीत, हवेशीर जागी, तळाचं बूच काढून महिनाभर तरी राहू द्या. कार्तिक ते माघ हा काळ सर्वांत चांगला. ओल्या फायबरवर लावलेला थर वर्षभरात सुटतो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. पावसाळ्यात ताडपत्रीखाली घाईघाईने केलेलं फायबरचं काम मी कोणालाच सुचवणार नाही.

*फायबर.* बद्द वाजणारा भाग घट्ट फायबर लागेपर्यंत घासून काढा. कडा उतरत्या ठेवा. भोकाच्या चौपट-पाचपट रुंदीपर्यंत काचतंतूच्या मॅटचे थर एकावर एक चढवा. घासताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, ती धूळ फुफ्फुसात जाते.

इथे थांबून वाचा. रेझिनमध्ये दोन गोष्टी मिसळतात, जांभळ्या रंगाचा कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि हार्डनर सर्वांत शेवटी, कामाला लागताना, तोही डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिनही मिळतं. नवख्या माणसाने तेच आणावं.

*मागची फळी.* कुजलेलं प्लाय पूर्ण काढा. अर्धं ठेवून वरून थर मारला तर कूज आत चालूच राहते. नवं मरीन प्लाय घातल्यावर बोल्टचं प्रत्येक भोक आतून रेझिनने बंद करून मगच बोल्ट बसवा.

*इंजिन.* टाकीतलं जुनं पेट्रोल फेकू नका, गॅरेजला द्या, पण इंजिनात घालूही नका. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि कोकणच्या दमट हवेत काही महिन्यांत टाकीच्या तळाशी पाण्याचा थर बसतो. टाकी, नळ्या आणि कार्ब्युरेटर साफ करून घ्या. पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चक्र न बघताच नवं घाला. पडून राहिल्यावर त्याची पाती वाकून कडक होतात. धातूच्या भागावर जस्ताचा तुकडा असतो. तो गंजण्यासाठीच लावलेला असतो, म्हणजे इंजिन वाचतं. अर्धा झिजला की बदला. आणि त्यावर रंग लावू नका, नाहीतर त्याचा उपयोग संपतो.

*रंग.* तळाला शेवाळ आणि कडक शिंपले धरू नयेत म्हणून तांबं असलेला रंग मिळतो. तो होडीला लावा, इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायाला नको. तांब्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. लाकडी होडीला अजून उंडीचं तेल देणारी घरं आहेत. वास उग्र असतो, पण लाकूड त्याने सुखावतं.

९. पाण्यात उतरण्याआधी

पहिली फेरी खाडीतच, ओहोटी संपून भरती लागताना, सकाळी. इंजिन बंद पडलं तर भरती तुम्हाला आत आणेल. ओहोटी समुद्राकडे नेते. दुपारनंतर खारे वारे चढतात, तेव्हा घरी असा.

होडीत हे असल्याशिवाय दोर सोडू नका:

- माणशी एक लाईफ जॅकेट, अंगावर घातलेलं.
- दोन वल्ही. इंजिन कितीही चांगलं असो.
- नांगर, तीन-चार मीटर साखळी आणि पुरेसा दोर.
- पाणी उपसायला बादली, दोराने बांधलेली.
- विजेरी, शिट्टी, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन.
- सुरी, जादा प्लग, पाना, पिण्याचं पाणी.

दोर किती हवा? खोलीच्या निदान पाचपट, आणि खोली मोजायची ती पूर्ण भरतीची. ओहोटीला तीन मीटर पाणी, भरतीने दोन वाढणार, होडीची नाळ पाण्यावर अर्धा मीटर, म्हणजे साडेपाच. पाचने गुणलं की साडेसत्तावीस मीटर. ओहोटीचा आकडा धरून पंधरा मीटर दोर टाकणाऱ्याची होडी रात्री सरकते.

फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ आत्ताच साठवा. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा निघण्यापूर्वी बघा. बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर त्या दिवशी होडीला हात लावू नका. आणि कुठे जाताय, कधी परतणार, हे घरच्या एका माणसाला सांगून जा.

परत आलात की इंजिन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा. दमला असाल तरी, अंधार पडला तरी. वर्षानुवर्षं चालणारं इंजिन आणि दोन वर्षांत बसणारं इंजिन यात फरक पडतो तो बहुतेक या दहा मिनिटांनीच.

१०. नाही म्हणायची वेळ

कागद अडकले, तळभर वर्तुळं उमटली किंवा बघणारा माणूस मिळाला नाही, तर सोडून द्या. आधीच घेतली असेल आणि झेपत नसेल तर लवकर विका, इंजिन अजून फिरतंय तोवर. दर पावसाळ्याला तिची किंमत उतरते आणि चौथ्या वर्षी ती कोणी फुकटही नेत नाही. लाकडी होडी शेवटी चुलीत तरी जाते. फायबर कुजत नाही, जाळलं तर विषारी धूर होतो आणि खाडीत बुडवलं तर दुसऱ्याच्या जाळ्याला आणि होडीच्या तळाला लागतं. मोडायचीच झाली तर तुकडे करून, इंजिन आणि धातू वेगळे करून, ग्रामपंचायतीशी बोलून विल्हेवाट लावा आणि नोंदणी रद्द करून घ्या. नंबर जिवंत ठेवून होडी मारू नका.

११. मे संपायच्या आत

यांत्रिक होड्यांना पावसाळी मासेमारी बंदी नेहमी १ जून ते ३१ जुलै अशी असते. त्या त्या वर्षीचा आदेश बघा. मासेमारी करत नसलात तरी तुमची होडी मेच्या तिसऱ्या आठवड्यात वर आलेली हवी, कारण वादळं बंदीच्या तारखेची वाट बघत नाहीत. तौक्ते १६ मेला आलं, निसर्ग ३ जूनला.

होडी भरतीच्या रेषेच्या बरीच वर घ्या आणि नाळ थोडी उंच ठेवा, म्हणजे आलेलं पाणी मागे वाहील. खाली सारखे ठोकळे द्या, भार एकाच जागी येऊ देऊ नका. इंजिन काढून घरात उभं ठेवा. मग शाकारा. झापं चांगलीच, त्यांतून वारा खेळतो. प्लास्टिकची ताडपत्री घातली तर दोन्ही टोकांना हवेला वाट ठेवा, नाहीतर आत घामेजून सगळं कुजतं. पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी झापं उचलून आत हात फिरवायला हवा.

आणि बूच काढा. तळाचं बूच. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एक झाप उडालं की तो सगळा होडीच्या पोटात जातो. माझी होडी जिथे पडली होती, तिथे मी पहिल्यांदा हात घातला तेव्हा बूच जागच्या जागी घट्ट बसलेलं सापडलं. वादळाने केलेल्या नुकसानापेक्षा त्या बुचामुळे आत साचलेल्या पाण्याने जास्त केलं होतं. आता मी ते काढतो, सुतळीला बांधतो आणि इंजिनाच्या मुठीला अडकवतो. नारळी पौर्णिमेनंतर इंजिन उचलायला गेलो की आधी तेच हाताला लागतं आणि होडी पाण्यात जायच्या आत बसवलं जातं.